शाळा उघडली की...

हे पत्र जून २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, चिंचवडहून आलं, आणि हे उत्तरही तेव्हाचंच. नाव देत नाही, आणि पत्र चांगलं मोठं होतं, जागोजागी खोडलेलं, म्हणून थोडक्यात देते.

"मावशी, मला तू म्हटलंत तरी चालेल. वय ३६. मिस्टरांच्या दोन स्कूल व्हॅन. जुनी फिटलीये, दुसरी २०१८ ला लोनवर घेतली, हप्ता ११,२०० रुपये. मार्च २०२० पासून शाळा बंद म्हणजे आम्ही बंद. सहा महिने मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, घेतलं, नंतर माझी एफडी मोडून मार्चपर्यंत हप्ते भरले, एप्रिल मे जून थकले. एप्रिलमध्ये यांना कोविड झाला, त्याचे साठ हजार माझ्या भावाने दिले. मे महिन्यात ओळखीच्या एकाकडून ५ टक्क्याने पन्नास हजार घेतले, त्याने सहीचा कोरा चेक ठेवून घेतलाय. घर सासऱ्यांचं म्हणून भाडं नाही, पण सासूबाईंना शुगर, मुलगी नववीत, मुलगा चौथीत. मी ब्लाउज, फॉल-पिको करते, त्याचे चार-पाच हजार येतात, त्यातले दोन हजार भिशीला जातात. नवीन व्हॅनला एक जण २ लाख ७० हजार देतोय पण हे म्हणतात शाळा उघडली की मग काय करायचं? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गच्चीत बसतात, बोलत नाहीत. रेशनकार्ड केशरी आहे, प्राधान्यचा म्हणजे स्वस्त धान्याचा शिक्काही आहे, पण आम्ही चार वर्षं धान्य उचललेलं नाही, आता लाईनीत उभं राहायचं म्हणजे अख्खी सोसायटी बघणार. माझ्याकडे मंगळसूत्र आणि दोन पाटल्या आहेत. मंगळसूत्र विकून खोटं घालावं म्हणते, म्हणजे यांना कळणार नाही. काय करू?"

अगं, पहिलं म्हणजे मंगळसूत्राला हात लावू नकोस. भावनेचं म्हणून नाही सांगत, मी बावीस वर्षं पतपेढीत तारणाच्या काउंटरला बसलेय, भावना बाजूला ठेवूनच सांगतेय. सोनं विकायला नेलं की सराफ टंच म्हणजे शुद्धता बघतो, घट म्हणजे तूट धरतो, मणी-दोरा वजनातून काढतो, आणि घेताना तू मोजलेली घडणावळ तर गेलीच. आणि आलेले पैसे कुठे जाणार? थकलेले तीन हप्ते भरण्यात. म्हणजे खाली पार्किंगला धूळ खात उभ्या असलेल्या गाडीसाठी मंगळसूत्र, आणि चौथ्या महिन्याला परत हप्ता आहेच.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग एका कागदावर आकडे मांडले, कारण तू आकडे सगळे दिलेस पण एकाखाली एक कुठेच लिहिले नाहीस. हप्ता ११,२००. पन्नास हजारांवर ५ टक्के, म्हणजे महिन्याला अडीच हजार, नुसतं व्याज बरं का, मुद्दल तिथेच. भिशी दोन हजार. झाले १५,७००. घरात चुलीवर काहीही चढायच्या आधी एवढे जायला हवेत आणि येतात पाच. गॅस सिलिंडर जून २०२१ लाच आठशेच्या वर गेला होता आणि तेलाच्या पिशवीचा भाव तुला मी काय सांगायचा. तर तुझा प्रश्न सोनं विकू की गहाण ठेवू हा नाहीच आहे. १५,७०० चा आकडा खाली कसा आणायचा हा आहे.

आणि तो आकडा तिथे का उभा आहे माहितीये? "शाळा उघडली की" या तीन शब्दांवर.

हे शब्द मी आमच्या घरात ऐकलेत म्हणून मला ते चांगले ओळखू येतात. माझे वडील परळला कापडाच्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार एका दिवसात घरी बसले, आणि आमच्या चाळीत प्रत्येक वाक्य "मिल उघडली की" ने सुरू व्हायला लागलं. मिल उघडली की वाण्याचे देऊ, मिल उघडली की ताईचं लग्न बघू. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, आणि कित्येक मिल उघडल्याच नाहीत. आईने चार-पाच महिने वाट बघितली, मग एक दिवस काही न बोलता दादरच्या पुलावर जाऊन बसायला लागली. निवडलेली मेथी, सोललेले पावटे, चिरलेली भेंडी, ऑफिसातून सुटलेल्या बायका घरी जाता जाता पटकन घेऊन जायच्या. वडील महिनाभर त्या पुलावरून गेले नाहीत, लांबचा वळसा घालून जायचे, कोणी ओळखीचं "वहिनी तिकडे दिसल्या" म्हणेल म्हणून. आणि मग एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर बघते, दार लोटून घेतलेलं, आणि हा साचे चालवणारा माणूस खाली मांडी घालून लसूण सोलतोय, आईच्या उद्याच्या पाटीसाठी. सकाळी दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पण तिथून आमचं घर हललं, हे मी आज सांगू शकते.

तर शाळा उघडतील. मिलसारखं होणार नाही, मुलं काही कायम मोबाईलवर शिकणार नाहीत. पण कधी? २०२० च्या जूनला वाटलं दिवाळीनंतर, दिवाळीनंतर वाटलं जानेवारीत, मोठ्यांचे वर्ग जेमतेम सुरू झाले तोवर दुसरी लाट आली. २०२१ च्या जूनला सात तारखेला अनलॉक म्हणाले आणि महिना संपायच्या आत परत लेव्हल तीनचे निर्बंध, दुपारी चार वाजता दुकानांची शटर खाली. आणि तुमच्या व्हॅनमधली मुलं पहिली ते पाचवीची असणार, ती सगळ्यात शेवटी येणार. आली तरी एका गाडीत आधीसारखी दाटीवाटीने भरू देतील का? म्हणून मी तर असं म्हणेन की २०२२ च्या जूनपर्यंत व्हॅनमधून एक रुपया येणार नाही असं धरूनच घर चालवायचं. त्याआधी सुरू झालं तर पेढे वाटा, मलाही पाठव.

हे एकदा धरलं ना, की नवीन व्हॅनचं उत्तर आपोआप येतं. विका. बँकेची बाकी तू २ लाख ४० हजार लिहिलीयेस, थकलेलं धरून, गिऱ्हाईक २ लाख ७० ला उभं आहे. आता सगळेच व्हॅनवाले गाड्या काढतायत, हा भाव टिकेल याचा भरवसा नाही. फक्त घाईत गाडी देऊन टाकू नका. आधी बँकेकडून आजच्या तारखेला किती भरले की खातं बंद होईल ते लेखी घ्या, त्यात मुदतीआधी बंद करण्याचा काही चार्ज आहे का तो बघा, पैसे गिऱ्हाईकाकडून थेट लोन खात्यात भरून घ्या, मग बँकेची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवायचा आणि त्यानंतर गाडी नावावर करून द्यायची. गाडी नुसती किल्ली देऊन पाठवली आणि नाव तुमचंच राहिलं तर उद्या त्याने कुठे ठोकली तर पोलीस तुमच्या दारात. जुनी व्हॅन ठेवा. ती फिटलेली आहे, तिच्यावर शाळा परत सुरू करता येईल, कमी मुलांवर पण येईल. तिचं फिटनेस, परमिट कोविडमध्ये संपलं तरी ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत चालणार होतं, केंद्राने मुदत वाढवली होती, पण इन्शुरन्स त्यात येत नव्हता, बरेच लोक इथेच फसले.

समजा गिऱ्हाईक फिरलं, तर मात्र गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेने ५ मे २०२१ ला नवीन सवलत काढली होती, ३१ मार्च २०२१ ला ज्यांचं खातं व्यवस्थित होतं आणि आधी अशी सवलत घेतली नव्हती अशांचं लोन रिस्ट्रक्चर, म्हणजे हप्ते नव्याने बांधून, घेता येत होतं, मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकत होती. तुम्ही मार्चपर्यंत भरलंय म्हणजे यात बसता. ही प्रोसेस ३० सप्टेंबर २०२१ च्या आत सुरू व्हायला लागत होती. द्यायची की नाही हे बँक ठरवते, म्हणून अर्ज लेखी द्यायचा आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून पोहोच घ्यायची, काउंटरवरचा पोरगा "सर नाहीयेत, ठेवून जा" म्हणाला तरी. पण हे दुसऱ्या नंबरचं औषध. मोरॅटोरियममध्ये तू बघितलंसच, ती माफी नव्हती, सहा महिन्यांचं व्याज मुद्दलाला जाऊन चिकटलं. उभ्या गाडीचं व्याज दोन वर्षं आणखी भरायचं याला काय अर्थ आहे.

आता पाच टक्केवाला. हा सगळ्यात आधी, भावाच्याही आधी, बँकेच्याही आधी. पाच टक्के ऐकायला छोटं वाटतं कारण तो महिन्याचं बोलतो, वर्षाचे साठ टक्के झाले ते. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवाना असलेल्या सावकारालासुद्धा विनातारण कर्जावर बिगरशेतकऱ्याकडून वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आणि तुझ्या या ओळखीच्याकडे परवाना असेल असं मला काही वाटत नाही. कोरा चेक हा त्याचा खरा परवाना. तर इथे पाटली वापरायची. दोन नाही, एकच. दीड तोळ्याची असेल तर जून २०२१ च्या भावाने साठ-पासष्ट हजाराच्या पुढेमागे किंमत धरतील, तेव्हा शंभराला पंचाहत्तरच्या वर कर्ज देत नव्हते (कोविडमध्ये नव्वदपर्यंत सूट होती ती मार्च २०२१ मध्ये संपली), म्हणजे पंचेचाळीस-पन्नास हजार हातात. बँकेत ठेव, वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास पडेल, पन्नास हजारावर महिन्याला पावणेचारशे. अडीच हजार कुठे आणि पावणेचारशे कुठे! तारणाच्या पावतीवर दागिन्याचं वजन ग्रॅममध्ये, टंच आणि मुदत तीनही लिहिलंय का ते तिथेच उभं राहून वाच, घरी येऊन नाही.

पैसे त्याला देताना एकटी जाऊ नकोस. भावाला किंवा मिस्टरांना घेऊन जा, ट्रान्स्फर कर, रोख नको. चेक आधी हातात मागायचा, "कपाटात आहे, नंतर देतो" वर परत यायचं नाही. नाहीच दिला तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे सावकारीची तक्रार होते, हे त्याला नुसतं शांतपणे सांगितलंस तरी बहुतेक चेक सापडेल. आणि मोबाईलवरून पाच मिनिटांत लोन देणारी अ‍ॅप्स असतात त्यांच्या वाटेला तर अजिबात जाऊ नकोस, ते तुझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना फोन करतात, तुझ्या मुलीच्या टीचरलासुद्धा.

गाडी विकून जे वीस-तीस हजार उरतील त्यातून पाटलीचं कर्ज अर्ध्यावर आण. म्हणजे बघ, १५,७०० चं काय झालं? हप्ता गेला, पाच टक्के गेले, राहिली भिशी आणि पाटलीचं थोडंसं व्याज. भिशी मध्येच सोडू नकोस, बायकांत नाव जातं आणि भरलेलेही अडकतात, पण यंदाचा नंबर मला द्या असं सरळ सांग. कोणाला तरी गरज नसतेच त्या महिन्यात.

भावाचं काही बोलले नाही कारण तो घाई करत नाहीये असं पत्रावरून दिसतं. तरी त्याला एक फोन कर आणि सांग की तुझे साठ हजार माझ्या लक्षात आहेत पण वर्षभर मागू नकोस. न बोलता टाळलंस तर राखीला घरी जायची पंचाईत होईल.

आता रेशन. इथे मला तुझा थोडा राग आला, खरं सांगते. तू लिहिलंयस "ते गरिबांसाठी असतं ना मावशी". अगं पंधरा महिने घरात कमाई नाही, एफडी मोडली, सावकाराकडे चेक आहे, मग तू आत्ता कोण आहेस? कार्डावर चार नावं आहेत, धाकट्याचं टाकायचं राहिलंय म्हणतेस. चार जणांना माणशी पाच किलो, २०२१ च्या दराने तीन किलो गहू दोन रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ तीन रुपयांनी, म्हणजे वीस किलोचे अठ्ठेचाळीस रुपये. त्यावर केंद्राचं माणशी पाच किलो फुकट, ते मे २०२१ पासून परत सुरू झालं होतं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत वाढवलं होतं. चाळीस किलो धान्य, अठ्ठेचाळीस रुपयात! पाच माणसांच्या घराचा महिना जवळजवळ निघतो. आणि चार वर्षं तू उचललं नाहीस म्हणून ते कुठे सरकारी तिजोरीत परत गेलं असेल असं वाटतंय का तुला? असो. आधी दुकानात जाऊन मशिनवर नावं दिसतायत का आणि आधार जोडलेलं आहे का ते बघ, कार्ड बंद पडलं असेल तर रेशनच्या परिमंडळ कार्यालयात अर्ज द्यावा लागेल, तिथेच मुलाचं नावही टाकायला दे. दुकानदार "तुमचं येत नाही" म्हणाला तर १९६७ ला फोन लाव. उद्या व्हॅन जोरात चालायला लागल्या, कमाई वाढली, की शिक्का स्वतः जाऊन काढून घे, मी काही फुकट खा म्हणून सांगत नाहीये.

आणि सोसायटी बघेल म्हणतेस. बघू दे. मे महिन्यात आमच्या इथल्या लाईनीत मी लॉन्ड्रीवाला बघितला, केटररकडे वाढपी असलेला बघितला, ढोल-ताशावाला बघितला आणि एक जिमचा ट्रेनर, टोपी डोळ्यावर ओढून. २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारचे दीड हजार मिळाले ते परवाना असलेल्या रिक्षावाल्यांना, नोंदणी असलेल्या घरकामवाल्या बायकांना, बांधकाम मजुरांना, फेरीवाल्यांना. व्हॅनकाकांचं नाव त्या यादीत नव्हतंच. तीच मुलं रिक्षातून नेली असती तर दीड हजार, व्हॅनमधून नेली म्हणून शून्य. मग जे तुमच्या नावावर खरंच येतंय तेही सोडायचं?

सासूबाईंच्या गोळ्या जनऔषधी दुकानातून आण, शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे निम्म्याहून कमी पैशात मिळतात, डॉक्टरांना फक्त गोळीचं मूळ नाव लिहून द्यायला सांग. शाळेच्या फीबद्दल मुख्याध्यापकांना हप्ते पाडून द्या असा अर्ज दे, तोंडी नको. मुलगा चौथीतच आहे, एखादं वर्ष मनपाच्या शाळेत गेला तर काही बिघडत नाही, मी तिथेच शिकलेय.

राहिले मिस्टर. याचं उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यावर मला दोनदा थांबावं लागलं. जो माणूस रोज सकाळी साडेसहाला लोकांची पोरं नावानिशी गोळा करायचा, दप्तरं उचलायचा, ज्याला अख्खा एरिया "काका" म्हणायचा, तो पंधरा महिने घरात बसलाय आणि त्यात कोविडमधून उठलाय. गच्चीवर एकटं बसू देऊ नकोस. सल्ला द्यायला जाऊ नकोस, नुसती चहा घेऊन जा आणि शेजारी बस. आणि जीव नकोसा झालाय का असं सरळ विचार, या शब्दात, विचारल्याने डोक्यात नवीन काही जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले, किंवा गप्प राहिले आणि तुला पोटात गोळा आला, तर त्या रात्री भावाला बोलावून घे, त्यांना एकटं सोडू नका आणि सकाळी पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलला नाहीतर जवळच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारची हेल्पलाईन आहे, आता ती टेलि-मानस, १४४१६, रात्री-बेरात्री चालते, मराठीतून बोलता येतं.

आणि म्हणूनच ते चोरून सोनं मोडायचं, किंवा चोरून गहाण ठेवायचंही, डोक्यातून काढ. मुदत चुकली की लिलावाची नोटीस पोस्टाने घरी येते, आणि ती बहुतेक नवराच उघडतो, मी काउंटरवर बसून अशी किती भांडणं ऐकलीत. पाटली ठेवायला त्यांनाच सोबत घेऊन जा. मी वर मांडला तो आकड्यांचा कागद तू तुझ्या अक्षरात लिही आणि त्यांच्यासमोर ठेव, "तुम्ही असं केलंत" हे वाक्य त्यात कुठेही न आणता. गाडी विकायची म्हटल्यावर ते चिडतील. एक-दोन दिवस जाऊ देत. चाकण, भोसरीच्या कंपन्या चालू आहेत, कामगारांच्या पिकअपच्या गाड्यांना ड्रायव्हर लागतात, २०२१ ला बारा-पंधरा हजार देत होते. दुसऱ्याच्या गाडीवर बसायचं म्हणजे मालकाला जड जाणारच, पण हे त्यांना तू सांगू नकोस. त्यांच्याच व्हॅनवाल्या ग्रुपमधला कोणी लागला असेल कामाला, त्याला घरी चहाला बोलव, तो सांगेल बरोबर.

रेशनला सोमवारी सकाळी लवकर जा, अकरानंतर मशिनचं सर्व्हर लटकतं. सासूबाईंचा अंगठा बहुतेक उठणार नाही, म्हाताऱ्या माणसांचा उठत नाही, तूच जा. पिशव्या दोन वेगळ्या ने, गव्हाची आणि तांदळाची. तांदूळ जाड असतो, मुलं भात खाताना कुरकुर करतील, तर त्यात चार वाट्यांना एक वाटी उडीद आणि चमचाभर मेथ्या टाकून भिजत घाल आणि आंबोळ्या कर. जाड तांदळाच्या आंबोळ्या बारीक तांदळापेक्षा चांगल्या होतात, जाळीदार.